मीठ चुकवत दक्षिणेकडे

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एक विचित्र दृश्य दिसतं. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग अजून तसेच असतात, झाडांवर एक पान नसतं आणि अशा गारठ्यात घराघरांतल्या गॅरेजमधून लखलखीत मोटरसायकली बाहेर निघतात. चालवण्यासाठी नव्हे, ट्रेलरवर चढवण्यासाठी! मार्चच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या डेटोना बीचला ‘बाईक वीक’ भरतो. नाव आठवड्याचं, पण मेळा दहा दिवसांचा. डेट्रॉइटहून अंतर सुमारे १,८०० किलोमीटर. मालकाने वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतलेली, हिवाळाभर चादरीखाली जपलेली ही गाडी. प्रवासात तिला धोका कोणाचा? चोराचा कमी, मिठाचा जास्त.

आपल्याकडे मीठ ताटात वाढतात, तिकडे ते ट्रक भरभरून रस्त्यावर पसरतात. खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून हा खटाटोप. साधारण उणे ९ अंशांपर्यंत मीठ चांगलं काम करतं, त्याखाली त्याचा जोर ओसरतो. डेट्रॉइटकरांना तर मीठ आणायला लांब जावंच लागत नाही. शहराच्या पोटात, जमिनीखाली साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं हे मीठ आज मोटारींच्या चाकांखाली येतं.

बर्फ वितळला म्हणजे संकट टळलं असं मात्र नाही. कोरड्या रस्त्यावरही पांढरा थर उरतो. काही ठिकाणी बर्फ पडण्याआधीच मिठाचं पाणी फवारतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार तर हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि धातूला सतत ओलं ठेवतात. उघड्या ट्रेलरवरच्या गाडीची दशा मग विचारू नये. पुढच्या वाहनाची चाकं खाऱ्या चिखलाचा फवारा थेट तिच्यावर उडवतात. लोखंडाला गंज चढतो, क्रोमवर बारीक खड्डे पडतात आणि ‘गंजत नाही’ म्हणून मिरवणारं अॅल्युमिनियमही पांढरं पडून कुरतडलं जातं. अलिबाग-मालवणकडे ज्यांची स्कूटर खाऱ्या हवेत उभी असते, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

अनुभवी मंडळी शक्यतो बंदिस्त ट्रेलर किंवा व्हॅन पाहतात. तेवढा खर्च झेपत नसेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून क्रोम आणि रंगावर मेणाचा हात फिरवतात, लग्नाआधी हळद लावावी तसा! बोल्ट, वायरींचे जोड आणि चेनवर गंजरोधक तेलाचा फवारा मारतात. ब्रेकच्या डिस्कवर मात्र थेंबही उडू द्यायचा नाही. तिथे तेल लागलं तर ब्रेक लागणार नाही. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतात आणि तो काढायची आठवण राहावी म्हणून किल्लीला चिठ्ठी बांधतात.

नवखा माणूस हमखास ताडपत्री बांधतो. ती वाऱ्याने फडफडते, आत शिरलेले मिठाचे कण रंगावर पॉलिश पेपरसारखे घासले जातात आणि ओलही आत कोंडते. त्यापेक्षा ट्रेलरच्या पुढच्या बाजूला उभा पत्रा लावलेला बरा.

वाट ठरलेली. पंचाहत्तर क्रमांकाच्या महामार्गाने टोलेडो, डेटन, सिनसिनाटी, मग ओहायो नदी ओलांडून केंटकी. टेनेसीच्या डोंगरात कधी अवचित बर्फ गाठतो. चॅटानूगा मागे पडलं की जॉर्जियात हवा बदलते, अंगावरचा कोट उतरतो आणि माणसं सुस्कारा सोडतात. गाडीची खरी परीक्षा तिथेच सुरू होते. थंडीत गंजाची गती मंद असते, ऊब आणि दमटपणा मिळाला की तोच क्षार दुप्पट उत्साहाने कामाला लागतो. म्हणून, ‘आता पोहोचल्यावरच धुऊ’ हा विचार महागात पडतो. पाणी गोठणार नाही अशा पहिल्याच मुक्कामी गाडी धुवावी. साध्या नळीने, भरपूर पाण्याने, खालून-आतून. जोराच्या फवाऱ्याने मीठ निघण्याऐवजी बेअरिंगमध्ये शिरतं.

मालक परततो तेव्हा पुन्हा तोच खारा रस्ता, फक्त उलट्या क्रमाने. मिशिगनमध्ये तर स्वार मंडळी वसंतातल्या पहिल्या दणदणीत पावसाची वाट पाहत बसतात. रस्ता धुऊन निघाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, असा कित्येकांचा नेम असतो.

गंमत म्हणजे ज्या डेटोनासाठी ही सगळी खबरदारी, तिथली पहिली मोठी शर्यत १९३७ साली भरली ती समुद्राकाठच्या वाळूवर! १९६० पर्यंत स्वार तिथे लाटांच्या शेजारून धावत होते. १९६१ मध्ये शर्यत पक्क्या ट्रॅकवर गेली. किनाऱ्यावर ठरावीक भागात आजही पैसे भरून वाहन नेता येतं. मिठापासून वाचवत आणलेली गाडी घेऊन कित्येक जण समुद्र बघायला जातात आणि संध्याकाळी मुक्कामावर आले की पुन्हा बादली भरायला लागतात.