वर्सोव्याला कसे यावे

"काका, एक पानभर मजकूर लिहून द्या. कसे यावे, कुठे उतरावे, काय खावे. बस्स!" असे म्हणून पुतण्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि तो चहाच्या वासाने स्वयंपाकघराकडे वळला. गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. पुतण्या मत्स्यशास्त्राचा अभ्यास करतो. त्या विषयाची एक आंतरराष्ट्रीय परिषद आमच्या बाजूला भरायची होती आणि परदेशच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले होते. ते त्याने माझ्या गळ्यात घातले. मी सात बंगल्याला चाळीस वर्षे राहतो, जन्मभर मास्तरकी केली आहे आणि निवृत्त झाल्यापासून मला नाही म्हणायला कारण उरलेले नाही.

वर्सोव्यात आंतरराष्ट्रीय परिषद म्हटले की कित्येकांना हसू येते. समुद्र, सिनेमावाली मंडळी आणि सुकत घातलेले बोंबील यांच्यापलीकडे या गावाची कीर्ती सहसा जात नाही. परंतु १९६१ साली मुंबईत सुरू झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था येथेच नांदते आहे. १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तेव्हा मासळीचा विषय निघाला की देशोदेशीच्या विद्वानांचे पाय इकडे वळतात, यात नवल नाही.

मी मोठ्या उत्साहाने लिहायला बसलो. सुरुवात विमानतळापासून. परदेशाहून येणारी विमाने बहुतेक सहारच्या दुसऱ्या टर्मिनलला उतरतात. पूर्वी तेथून वर्सोव्याला यायचे म्हणजे टॅक्सीवाल्याशी घासाघीस आणि अंधेरीच्या पुलावर तपश्चर्या! आता टर्मिनलखालीच भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे. २०२४च्या ऑक्टोबरात ही गाडी सुरू झाली. तिने एकच स्थानक जावे, मरोळ नाक्याला उतरावे, सरकत्या जिन्यांनी वर यावे आणि घाटकोपरहून येणारी मेट्रो धरावी. ही २०१४ सालची मुंबईची पहिली मेट्रो. घाटकोपर ते वर्सोवा बारा स्थानके, अकरा किलोमीटरांच्या वर थोडे अंतर. अंधेरी आली की डबा निम्मा रिकामा होतो आणि परदेशचा पाहुणाही सुखाने टेकू शकतो.

लोकलगाडीने येणाऱ्याने पश्चिम रेल्वेच्या अंधेरीला उतरावे. तेथून पश्चिमेला बस मिळते, मेट्रो मिळते, रिक्षा मिळते. रिक्षा मीटरने चालते, भाव ठरवायचा नसतो, हे मी मुद्दाम ठळक अक्षरांत लिहिले. २०२५च्या फेब्रुवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला सव्वीस रुपये झाले. मात्र ही रिक्षा वांद्र्यापलीकडे शहरात जात नाही. गेट वे ऑफ इंडिया पाहायला निघालेल्या पाहुण्याला हे आधी सांगितलेले बरे, नाही तर तो रिक्षावाल्याला उद्धट समजतो.

मुक्कामाचा प्रश्न अधिक नाजूक. वर्सोवा हा राहत्या लोकांचा भाग. मोठी हॉटेले विमानतळाजवळ, अंधेरी पूर्वेला आणि जुहूच्या किनाऱ्यावर. जुहूच्या खोलीतून समुद्र दिसतो, पण त्या दिसण्याचे पैसे पडतात आणि संध्याकाळी रस्ता तुंबला की पाच किलोमीटरांना तास लागतो. माझे मत असे, की संशोधक माणसाने चकाला किंवा मरोळ नाक्याजवळ मेट्रोला चालत जाता येईल अशी साधी खोली घ्यावी. पैसे वाचतात आणि परिषदेला वेळेवर पोचता येते. लग्नसराईत खोल्या मिळत नाहीत, म्हणून आधी पत्र टाकावे. प्रवासी व्हिसावर न येता परिषदेसाठी असतो तो व्हिसा काढावा, निमंत्रणपत्र जवळ ठेवावे. कोणी स्नेह्याच्या घरी उतरणार असेल तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला तसे कळवावे लागते. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी द्यायची रीत. सरकारची रीत जरा निराळी आहे, एवढेच.

पत्रक छान झाले. पुतण्या खूश, त्याचे वरिष्ठ खूश. आणि चूक नेमकी तेथेच राहिली होती.

मी लिहिले होते : "मेट्रोच्या शेवटच्या, वर्सोवा या स्थानकावर उतरावे. मुक्काम दहा मिनिटांच्या चालीवर." लिहिले तेव्हा ते खरेही होते. ज्या पाहुण्यांना हॉटेल परवडणारे नव्हते, त्यांची सोय आधी माझ्या घराजवळच व्हायची होती. मागाहून ती यारी रोडच्या टोकाला हलवली. पुतण्याने मला सांगितले, मी हो म्हटले आणि मुक्कामाचे नाव तेवढे बदलून ते वाक्य तसेच ठेवले. चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाला आपल्या दारापासूनच सगळी अंतरे मोजायची खोड लागते!

वाचकहो, वर्सोवा एक नाही. मेट्रोचे वर्सोवा स्थानक सात बंगल्याजवळ, मूळ गावापासून चांगले दोन-अडीच किलोमीटर आत. गाव म्हणजे खाडीच्या तोंडाशी वसलेला कोळीवाडा. त्याला कोळी माणूस वर्सोवा म्हणतच नाही, वेसावा म्हणतो. वर्सोव्याचा किल्ला शोधाल तर तो खाडीपलीकडे मढला : पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३९त मराठ्यांनी घेतलेला, आता हवाई दलाच्या ताब्यात. आणि वर्सोवा पूल म्हणून कोणी सांगितले तर तो तिकडे घोडबंदरला, अहमदाबादच्या महामार्गावर! त्यात आमच्या मत्स्यसंस्थेच्या जागा दोन. जुनी सात बंगल्याकडे, फिशरीज युनिव्हर्सिटी रोडला, आणि नवी यारी रोडपलीकडे पंच मार्गावर. हे सारे मला ठाऊक होते. पत्रकात त्यातले अक्षरही नव्हते.

श्रीलंकेहून आलेल्या एक बाई, पन्नाशी ओलांडलेल्या, पत्रकाबरहुकूम संध्याकाळी वर्सोवा स्थानकावर उतरल्या. दहा मिनिटे चालल्या. मग वीस मिनिटे चालल्या. हातात बॅग, खांद्याला पोस्टरची नळकांडी. 'फिशरीज' म्हणून विचारले तेव्हा एका भल्या रिक्षावाल्याने त्यांना फिशरीज युनिव्हर्सिटी रोडलाच नेऊन सोडले. तेथे अंधार पडलेला. दुसऱ्या रिक्षावाल्याला 'फिश, व्हिलेज' एवढे कळले आणि तो त्यांना थेट कोळीवाड्यात घेऊन गेला. फोनची बॅटरी केव्हाच संपली होती. इकडे आठ वाजले, साडेआठ वाजले. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. परक्या शहरात एकटी बाई, आणि तिला वाट दाखवणारा कागद माझ्या हातचा. रक्तदाबाची गोळी घेतलेली असूनही माझे हात थरथरत होते.

नऊच्या सुमारास माझा फोन वाजला. "मास्तर काय? तुमची पावणी हितं हाय. जेवून ऱ्हायली. सावकाश या."

आम्ही धावतच गेलो. एका अरुंद गल्लीत ओटीवर बाई मांडी घालून बसल्या होत्या. समोर ताट, त्यात भात आणि बोंबलाचे कालवण. भोवती चार-पाच कोळणी. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती, पण मध्ये सुक्या मासळीची टोपली होती आणि संभाषण जोरात चालले होते. बाईंचा अभ्यासविषयच सुकी मासळी आणि ती सुकवणाऱ्या बायका हा निघाला! त्यांच्या देशात सुक्या मासळीला करवल म्हणतात, आणि सुकवलेल्या कुपा माशाचे लाकडासारखे कठीण तुकडे, ज्यांना उंबलकड म्हणतात, ते तर आमटीभाजीला चव आणायला रोज लागतात. कोळणींनी त्यांना जवळा हुंगायला दिला होता, मांदेली दाखवली होती, बोंबील डोलीच्या जाळ्यात कसा येतो ते पदर पसरून दाखवले होते. घरातल्या मुलाने पत्रकावरचा नंबर वाचून फोन लावला होता. तो नंबर तेवढा मी बरोबर लिहिला होता.

मी माफी मागितली. बाई हसल्या. म्हणाल्या, "मासळीच्या परिषदेला बोलावलेत आणि मासळीचे गाव पत्रकात नाही, असे कसे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर चाळीस वर्षांत मीही त्या गल्लीत फार तर दहा वेळा गेलो असेन, तेही पापलेटाचा भाव करायला.

रात्री घरी येऊन पत्रक पुन्हा लिहिले. चारही वर्सोवे घातली. यारी रोडच्या मुक्कामाला मेट्रोतून उतरून रिक्षाच करावी, चालू नये, हे घातले. बंदरावरून मढला जाणारी फेरीबोट घातली : पाच मिनिटांची खाडी, दुचाकीसुद्धा चढते आणि रस्त्याने जायचे तर मालाडवरून वीसेक किलोमीटरांचा वळसा. जून-जुलैत येणाऱ्यांनी बोटी शाकारलेल्या दिसल्या तर रुसू नये, तेव्हा मासेमारीला बंदी असते. किनाऱ्याबद्दल काय लिहावे, यावर पुतण्याशी वाद झाला. मी लिहिले की पोहू नये. तो म्हणाला, पाहुण्यांना असे सांगायचे? शेवटी दोन्ही लिहिले : या किनाऱ्यावर एके काळी कचऱ्यात पाय रुतत असे, २०१५ साली अफरोज शाह नावाच्या वकिलाने हाताने कचरा उचलायला सुरुवात केली, लोक मिळाले आणि २०१८च्या मार्चमध्ये येथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. तरीही पोहू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्राला बाई नव्हत्या. अकराच्या सुमारास आल्या, बरोबर आणखी तिघे पाहुणे, चपला वाळूने भरलेल्या. उद्घाटनाचे भाषण चुकल्याची खंत कोणाच्या चेहऱ्यावर दिसली नाही. जुन्या पत्रकावर त्यांनी पेन्सिलीने कोळीवाड्याचा नकाशा काढला होता, गल्ल्या आणि बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव यांसकट. तो कागद त्यांनी जाताना मला दिला. त्याला अजून बोंबलाचा वास येतो, म्हणून आमच्या घरी तो वेगळ्या पाकिटात ठेवावा लागला आहे.