डूम, प्रोग आणि भिजलेलं सोयाबीन

मेटल ऐकणाऱ्या माणसाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं नसतं. ते एका अल्बमपासून दुसऱ्या अल्बमपर्यंत असतं. या हिशोबाने नोव्हेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ हे दिवस फारच बरकतीचे गेले. ओपेथ, ड्रीम थिएटर, कॅटाटोनिया आणि पॅराडाईज लॉस्ट, चौघांचेही नवे अल्बम वर्षाच्या आत. चारही मी आधी पुण्यात ऐकायचं ठरवलं होतं, पण नोकरी पुण्यात आणि घर सेनगावात (जिल्हा हिंगोली, 'ते नेमकं कुठे आलं?' हा प्रश्न ऐकून ऐकून पाठ झालाय) असल्यामुळे थोडे इथे, थोडे तिथे असे ऐकून झाले. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे ते वेगळे वाजले.

ज्यांना या भानगडीत कधी पडावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह मेटल. गाणी लांबलचक, ताल मध्येच बदलणार, वाजवणारे सगळे अभ्यासू. आमच्या कॉलेजात प्रोग ऐकणारी पोरं बहुतेक इलेक्ट्रॉनिक्सची असायची, काय योगायोग असेल तो असो :) डूम म्हणजे याच्या उलट. गती संथ, सूर जड, विषय मरण, पश्चात्ताप, एकटेपणा. एकच रिफ चार मिनिटं चालू शकते आणि कुणाला घाई नसते.

डूमचं मूळ ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बममध्ये. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये तारा चांगल्याच सैल सोडल्या. तार सैल झाली की बोटाला त्रास कमी आणि सूर खाली. आज जगभर डूमवाले गिटार उतरवून वाजवतात, त्याच्या मुळाशी एका कामगाराची दुखरी बोटं आहेत.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पखवाजाच्या डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतात. कणीक जितकी जास्त, तितका आवाज खर्ज. वाजवून झालं की खरवडून काढायची. "वजन टाकल्याबिगर खालचा आवाज निघत नाही," एवढंच म्हणाले. मी डूमवर इंग्रजीत बरंच वाचलंय. इतकी नेमकी व्याख्या कुठे सापडली नाही.

असो. अल्बमांकडे येऊ.

ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' २२ नोव्हेंबर २०२४ ला आला. मिकाएल ऑकरफेल्टने २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर पहिल्यांदाच अख्ख्या अल्बमभर गुरगुरणारा आवाज परत आणला, त्यामुळे आम्हा जुन्या भक्तांचे डोळे पाणावले होते. जेथ्रो टलचा इयन अँडरसन बासरीला आणि निवेदनाला. गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. एका श्रीमंत, कडक बापाचं मृत्युपत्र मुलांसमोर वाचलं जातंय. जुळी भावंडं आहेत, आणि घरात वाढलेली एक पोलिओग्रस्त मुलगी. ती तिथे हजर का, यावरूनच संशय सुरू होतो. पुढचं फोडत नाही. आठपैकी पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, फक्त कलमाची खूण आणि आकडा.

पुण्यात हेडफोन लावून ऐकताना ही युरोपातली जुनी हवेलीबाज भानगड वाटली. सेनगावात वाटली नाही. आमच्याकडे बाप गेला की सातबारावर वारसांची नावं चढवायची वेळ येते. बहिणींना बोलावणं जातं, हक्कसोडपत्रावर सह्या होतात आणि त्या दिवशी माहेरी हमखास गोडाचं जेवण असतं. माझ्या आत्याने सही केली तेव्हा मी आठवीत होतो. तिने पुरणपोळी अर्धीच खाल्ली होती, हे मला 'कलम चार' ऐकताना आठवलं. ऑकरफेल्टला हे कळवायला हवं.

ड्रीम थिएटरचा 'पॅरासोम्निया' ७ फेब्रुवारी २०२५ ला. ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बँड सोडून गेला होता, तो परत आल्यावरचा हा पहिला अल्बम. विषय झोपेचे विकार. एकूण ७१ मिनिटं, त्यातलं शेवटचं एकच गाणं १९ मिनिटांच्या वर. रात्री दोनला प्रॉडक्शन सर्व्हर कोसळला म्हणून उठवल्या गेलेल्या माणसाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. वाजवलंय अफाट. पण माझ्या मनात फारसं उतरलं नाही. बाबांनी मात्र तो स्पीकरवर पूर्ण ऐकला, गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत. सात मात्रांचा रूपक आणि दहाचा झपताल त्यांच्या हातात बसलेला, त्यामुळे विषम ताल आला की आपण जसे दचकतो तसे ते दचकत नाहीत. शेवटी म्हणाले, "हिशोब बराबर हाय. पण भजन कुठंय?" चार हजार शब्दांचा रिव्ह्यू वाचवला त्यांनी माझा.

कॅटाटोनियाचा 'नाइटमेअर्स अ‍ॅज एक्स्टेन्शन्स ऑफ द वेकिंग स्टेट' ६ जून २०२५ चा. १९९१ मध्ये योनास रेन्क्से आणि अँडर्स न्यूस्ट्रॉम या दोघांनी हा बँड काढला, आणि हा न्यूस्ट्रॉमशिवायचा पहिला अल्बम. आता त्यांचं संगीत डूमपेक्षा प्रोगकडेच झुकलंय. त्यात 'एफ्टर सोलेन' नावाचं एक गाणं स्वीडिशमध्ये आहे. एवढी वर्षं इंग्रजीत गाणारा माणूस एकदम घरच्या भाषेत बोलायला लागतो तेव्हा शब्द न कळताही काहीतरी सैल होतं. आपल्याकडे मुंबईच्या कोशिशने २०१३ मध्ये 'फिरदौस' हा अख्खा प्रोग अल्बम हिंदीत केला होता. डेमोनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, मत्स्य ते कल्की दहा गाणी, सतार-तबल्यासकट, पण इंग्रजीत. हे सगळं अभिमानाने ऐकलंय. तरी 'एफ्टर सोलेन' ऐकताना वाटत राहिलं की गळा काढून रडणाऱ्या आमच्या मराठवाड्यातल्या बायकांची भाषा कुणीतरी या उतरवलेल्या गिटारवर आणायला हवी. कोणी गेलं की त्या एकेक आठवण काढत, सूर धरून रडतात. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी उचलते. त्यांना डूम शिकवायची गरज नाही.

आणि मग पॅराडाईज लॉस्ट.

'असेन्शन' १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी आला. हा बँड इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा, १९८८ पासूनचा. आधीचा अल्बम २०२० चा, म्हणजे पाच वर्षं वाट पाहिलेली. (ओपेथचा आताचा ड्रमर वाल्टेरी व्हायरिनेन आधी यांच्याकडेच होता. मेटलमध्येही लोक कंपन्या बदलतात.) मी तेव्हा वर्क फ्रॉम होम घेऊन सेनगावात होतो आणि मराठवाड्यात अतिवृष्टी चालू होती. आमचं पाच एकर सोयाबीन काढणीला आलेलं आणि त्यात पाणी उभं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. पाऊस उघडला की कुजका वास यायचा, तो घरापर्यंत पोचायचा. नेटवर्क धड नाही, त्यामुळे गाणी एकेक करून उतरवून घेत होतो. सहावं गाणं निघालं 'डिलुव्हियम'. लॅटिन शब्द आहे, अर्थ महापूर.

हसू आलं, पण ते टिकलं नाही. ग्रेगर मॅकिन्टॉशची गिटार रडते, हे वाक्य प्रत्येक रिव्ह्यूमध्ये असतं, मीही मित्रांना शंभरदा ऐकवलंय. त्या दिवशी मात्र मी ओसरीत बसून, महिन्याच्या महिन्याला पगार जमा होणाऱ्या माणसाच्या कानांनी, महागड्या हेडफोनवर दुःख ऐकत होतो आणि समोर बाबा गुडघाभर चिखलातून परत येत होते. उदास वाटावं म्हणून पैसे मोजायचे, ही चैन कुणाला परवडते? ज्याचं सोयाबीन सडलंय त्याला नाही. मी गाणं थांबवलं. बाबा पाय धुवून आले आणि त्यांनी विचारलं, "बंद कामून केलंस? कोण वारलं होतं त्यात?"

मी म्हटलं, कोणी नाही. नुसतंच दुःखाचं आहे.

"मग लाव की. आज बरं आहे ते."

आम्ही दोघांनी अख्खा अल्बम स्पीकरवर ऐकला. माय आतून म्हणाली, ह्यापेक्षा टीव्ही लावा. निक होम्सच्या गुरगुरण्यातला शब्दही बाबांना कळत नव्हता आणि त्याने काही अडत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांच्याशी जो तो बोलत होता, आणि प्रत्येकाला काहीतरी घाई होती. पंचनाम्याला किती एकर हा आकडा हवा होता. पुण्याच्या भावकीला 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवायचा होता. मलाही घाई होतीच, मी लॅपटॉपवर खर्च वजा उत्पन्नाची शीट करून त्यांना दाखवत होतो. 'असेन्शन'ला कसलीच घाई नव्हती. त्यात उपाय नाही, धीर देणं नाही. पीक गेलं तर गेलं म्हणायचं आणि तिथेच थोडा वेळ उभं राहायचं, एवढंच.

पुढच्या एकादशीला मारुतीच्या देवळात भजन होतं. गावातल्या बहुतेकांचं सोयाबीन गेलेलं. वारकरी भजनाची सुरुवात रूपाच्या अभंगाने होते आणि ती चाल संथ असते. त्या रात्री तर ती इतकी संथ गेली की दोन टाळांमध्ये बाहेरचा पाऊस ऐकू येत होता. बाबांनी डाव्या पुडीवर नेहमीपेक्षा जास्त कणीक थापली होती. नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. तिकडची माणसं साडेसातशे वर्षं हे करत आलीत, त्यामुळे संथ वाजवायचं म्हणजे काय हे हॅलिफॅक्सकडून शिकायची त्यांना गरज नाही. पुढे चाल चढत गेली, पावली झाली, माणसं घामेजली. डूममध्ये बहुधा हे चढणं नसतं. तिथे खाली नेऊन सोडून देतात, वर तुमचं तुम्ही यायचं.

माझ्या दृष्टीने खरा फरक मात्र दुसराच आहे. तिथे वीस माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मी हिंजवडीच्या बसमध्ये डूम ऐकतो तेव्हा शेजारच्याला त्याचा पत्ता नसतो, आणि त्याच्या कानात काय चाललंय याचा मला नसतो. त्या वीस जणांत माझ्या वयाचे दोघेच होते, बाकीचे आम्ही पुण्याला, संभाजीनगरला. पखवाज बाबांनंतर कोण घेणार, हे कुणी विचारत नाही.

मला पखवाज येत नाही. पण दिवाळीत चार दिवस घरी होतो, तेव्हा कणीक कशी भिजवायची ते शिकून घेतलं. फार सैल चालत नाही, पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्टच लागते.