सुंभ, पीळ आणि मी

शनिवारची सकाळ. अख्खं पुणे मिसळीच्या नाहीतर डोशाच्या रांगेत उभं असतं, तेव्हा आमच्या टू बीएचकेमध्ये भलताच कारभार चाललेला असतो. किचनच्या दाराशी एक स्टूल. स्टुलाला क्लॅम्पने आवळलेली लाकडी फळी. तिच्यातून बाहेर आलेले तीन लोखंडी आकडे आणि त्या आकड्यांपासून थेट बाल्कनीच्या दारापर्यंत ताणलेल्या तीन सुतळ्या. माझी रूमी चहाचा कप सांभाळत त्याखालून वाकून जाते आणि न चुकता विचारते, "आज कुणाला फाशी?"

तर मी घरी दोरी वळते. हातानं. म्हणजे हातानं फिरवायच्या मशीनवर.

हसू नका. आमच्या टीममध्ये एक जण पहाटे उठून ब्रेड भाजतो, एक जण मातीची भांडी करायला जाते आणि मॅनेजर तर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या मॅरेथॉनमध्ये धावून गुडघे दुखवून घेतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या, संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा. हातात काय उरतं? दुखणारं मनगट. काहीतरी असं करावंसं वाटत होतं, की जे झाल्यावर हातात घेता येईल, ओढून बघता येईल.

ते 'काहीतरी' दिवाळीत गावी सापडलं. आमचं गाव लातूर जिल्ह्यात. माळ्यावरची जुनी भांडी काढताना मागच्या कोपऱ्यात हे मशीन दिसलं. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. गावातल्याच सुतारानं केलेलं. एका फळीला तीन भोकं, तीन भोकांतून तीन वाकवलेल्या सळया. सळयांची पुढची टोकं आकड्यासारखी वळवलेली, मागची टोकं दुसऱ्या फळीत अडकवलेली. मागची फळी गोल फिरवली, की तिन्ही आकडे एकदम, एकाच वेगानं फिरतात. ना मोटर, ना गिअर. मला तर ते बघूनच सॉलिड आवडलं.

मी ते खाली काढलं तर पप्पा म्हणाले, "ठेव तिथंच."

पप्पा निवृत्त शिक्षक. त्यांच्या 'ठेव तिथंच'ला आमच्या घरात अपील नसतं. पण निघायच्या दिवशी आईनं शेंगदाण्याच्या पिशवीखाली पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घरी गेल्यावर उघड."

दोरी वळण्याचा फंडा ऐकायला अगदी सोपा आहे. तीन आकड्यांना तीन सुतळ्या बांधायच्या. त्यांची दुसरी टोकं एकत्र करून समोरच्या एकाच आकड्याला अडकवायची आणि तो आकडा कुणीतरी ताणून धरायचा. इकडून मशीन फिरवलं, की तिन्ही सुतळ्यांत पीळ भरत जातो. पीळ भरेल तशा त्या आखूड होतात, म्हणून समोरच्यानं ताण न सोडता हळूहळू पुढे यायचं. सुतळ्या तारेसारख्या कडक झाल्या, की त्यांच्यामध्ये एक लाकडी भोवरा घालायचा. खेळायचाच भोवरा, फक्त अंगावर तीन खाचा पाडलेल्या. प्रत्येक खाचेत एक पदर. आता समोरचा आकडा मोकळा फिरू द्यायचा आणि भोवरा मशीनकडे सरकवत आणायचा.

खरी गंमत इथं होते. पिळलेल्या प्रत्येक पदराला सुटायचं असतं. पण सुटता सुटता तो शेजारच्या दोघांभोवती उलट्या दिशेनं गुंडाळला जातो. पदराचा पीळ एका बाजूला, दोरीचा पीळ दुसऱ्या बाजूला. एकाला सुटायचं तर दुसऱ्यानं जास्त आवळायला हवं. कुणीच सुटत नाही! गाठ नाही, गोंद नाही, नुसत्या या ओढाताणीवर दोरी टिकते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसांवर वापरून मोकळे होतो. दोरी वळणाऱ्यासाठी ते साधं वर्णन आहे.

हे सगळं वाचून, व्हिडिओ बघून मी रविवार पेठेतून सुतळीचे गुंडे आणले. पहिल्या दिवशी रूमीला समोर उभं केलं. तिचा फोन वाजला, तिनं आकडा सोडला आणि वीस फूट सुतळी एका क्षणात शेवयांसारखी गोळा झाली. दुसऱ्या वेळी ताण कमी पडला. तिसऱ्या वेळी मात्र भोवऱ्यामागून खरोखर दोरी निघाली. थोडी सैल होती, केसाळ होती. वीस फुटांची जेमतेम चौदा-पंधरा फूट उरली, कारण पीळ आपला वाटा कापून घेतो. पण दोरी होती! त्या रात्री मी ती उशाशी घेऊन झोपले, हे कृपया माझ्या टीमला सांगू नका.

टीमला दुसरं कळलं. त्या दोरीत मी ऑफिसमधली मनी प्लँटची कुंडी टांगली. "वॉव, काय रस्टिक लुक आहे!" म्हणत ब्रेडवाला आणि मातीवाली दोघंही बघायला आले. आणि मग मातीवालीनं विचारलं, "कुठे शिकलीस गं? कुठलं वर्कशॉप?"

मी म्हटलं, "इंटरनेटवर."

खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

खरं असं, की बारा बलुतेदारांमध्ये गावाला दोरखंड पुरवायचं काम ज्या समाजाकडे होतं, तो मातंग समाज म्हणजे आम्ही. बैलांचा कासरा, गुरांचं दावं, वेसण, मोटेचा नाडा, घरातलं शिंकं... गावाला जे जे बांधायचं असेल, ते आमच्या घरातून जायचं. पोळ्याला बैलाच्या अंगावर सगळं नवं लागतं, त्यामुळे पोळ्याआधी आबांचे हात थांबायचेच नाहीत. हे मला माहीत होतं. पण ऑफिसात आडनाव सांगितल्यावर 'गाव कुठलं?' असं अंदाज घेत विचारणारे लोक मला भेटलेले आहेत. 'इंटरनेटवर' हे उत्तर फार सोयीचं होतं. पुढचा प्रश्नच येत नाही.

जानेवारीत पप्पा डोळे दाखवायला पुण्यात आले. मोतीबिंदू. शनिवारी सकाळी ते अंघोळीला गेलेत असं बघून मी पटकन सुतळ्या लावल्या. रूमी आकडा धरून उभी राहिली, मी मशीन फिरवायला लागले. आणि मागून आवाज आला, "काय करायलीस गं?"

मी गार. पप्पा पॅसेजमध्ये उभे, खांद्यावर टॉवेल. नजर मशीनवर.

मी काहीतरी बडबडायला लागले. हल्ली हाताच्या कामाला कसं महत्त्व आलंय वगैरे. शिवाय हे काम किती जुनं आहे बघा पप्पा, म्हणत मी नुकतंच वाचलेलं सांगितलं : फ्रान्समधल्या एका खडकाच्या आडोशाला संशोधकांना दोरीचा तुकडा मिळाला, २०२० साली ते जाहीर झालं, चाळीस हजार वर्षांहून जुना, निअँडरथल माणसानं वळलेला. आणि तोही तीन पदरीच! पदर एका दिशेला पिळलेले आणि दोरी उलट दिशेला. अगदी आबांसारखी.

पप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यांनाबी बलुतं मिळायचं का?"

मग ते खुर्चीत बसले आणि इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. मशीन आमच्या घरात बरंच उशिरा आलं. त्याआधी सगळं हातावर. आणि वळणं हे तर शेवटचं काम. त्याआधी अंबाडी कापायची, केकताडाची पानं तोडायची, डबक्यात कुजत घालायची. कुजलेलं बाहेर काढून बडवायचं, धुवायचं, वाळवायचं, तेव्हा कुठे वाख हाती लागणार. केकताडाच्या रसानं हाताला खाज सुटायची, आबांचे तळवे कायम फुटलेले. आणि त्या पाण्याचा वास! पप्पा शाळेत गेले, की शेजारची पोरं नाक धरायची. बदल्यात काय, तर सुगीत खळ्यावर धान्य. किती, ते देणारा ठरवणार. 'यंदा दोर देत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. १९७२च्या दुष्काळात गुरंच राहिली नाहीत, मग दोर कुणाला हवा? आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. पप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते. पुढे मोटेच्या जागी पंप आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर, बाजारात नायलॉनची दोरी आली आणि काम आपोआप सुटलं.

"लोक म्हणतात, कला बुडाली," पप्पा म्हणाले. "मला तर सुटल्यासारखं झालं. आम्ही दोरी सोडण्यासाठी शाळा धरली. आणि तू पगार घेऊन, सुतळी विकत आणून तेच करायलीस."

मला काय बोलावं सुचेना. अंबाडीची भाजी मी आवडीनं खाते. ज्वारीची भाकरी, वरून लसणाची फोडणी. त्याच झाडाच्या सालीनं आबांचे हात फुटले होते, हे कधी मनातच आलं नव्हतं. ब्रेडवाल्याच्या आजोबांवर पहाटे उठून ब्रेड भाजायची सक्ती कुणी केली नव्हती. त्याचा छंद आणि माझा छंद सारखे नाहीत, हे मला त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं.

"बंद करू का, पप्पा?" मी विचारलं. मनापासून विचारलं.

ते उत्तर न देता उठले. समोरून माझी जुनी दोरी उचलली. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, पण अंगठा आणि बोटं दोरीवरून अशी फिरली, जशी मी कीबोर्डवर न बघता टाइप करते.

"ही कुणी वळली?"

"मीच."

"ही दोरी नाही, पिंजलेला कापूस आहे. उलटं फिरवायलीस तू. सुतळीला तिचा स्वतःचा पीळ असतो. आधी तो बघायचा, त्याच अंगानं फिरवायचं. तू आधी तिचा पीळ सोडवायलीस आणि मग नवा भरायलीस. कशी टिकेल?"

दोन महिने मी ज्याला 'रस्टिक लुक' समजत होते, तो चक्क बग होता. आणि टेस्टर मी!

पप्पांनी टॉवेल खुर्चीवर टाकला, नव्या सुतळ्या बोटांनी चाचपल्या आणि भोवरा मागितला. "लहानपणी हेच माझं काम होतं," एवढंच म्हणाले. आबा मशीनवर, आजी समोर ताण धरून, आणि हा मुलगा अनवाणी, भोवरा घेऊन.

मी फिरवायला लागले, या वेळी सुलट. सुतळ्या कडक झाल्या, रूमी एकेक पाऊल पुढे आली. आज तिचा फोन बेडरूममध्ये होता. पप्पांनी भोवरा घातला. बाल्कनीच्या दारापासून ते माझ्याकडे चालत येऊ लागले, एका लयीत, न थांबता. मध्येच म्हणायचे, "फिरव, फिरव, हात थांबवू नको." त्यांच्या मागे दोरी तयार होत होती. पेन्सिलीएवढी जाड, घट्ट, एकसारखी. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा दोघांच्या मध्ये फक्त मशीन उरलं होतं.

त्यांनी दोरी सोडवली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि एक हिसका देऊन बघितला. "छंद म्हणून कर," म्हणाले. "तुझ्यावर कुणाची सक्ती नाही, तर जरूर कर. पण कुणाला सांगताना गोड गोड सांगू नको."

सोमवारी ऑफिसात मी जुनी दोरी काढून कुंडीला नवी बांधली. मातीवालीनं लगेच ओळखलं, "अरे, ही किती भारी झालीय! नवीन व्हिडिओ?"

"नाही," मी म्हटलं. "पप्पांनी शिकवलं. आमच्या घरचं बलुत्याचं काम होतं ते. मातंगांकडे असायचं."

ती दोन सेकंद गप्प. ते दोन सेकंद मी आयुष्यभर टाळत आले होते. फार मोठे नव्हते. मग तिनं विचारलं, "म्हणजे नेमकं काय असायचं?" आणि मी सांगितलं. केकताडाची खाज, डबक्याचा वास, नाक धरणारी पोरं, सगळं. गोड न करता. चहा गार झाला.

उरलेली दोरी आमच्या बाल्कनीत बांधलीय. रूमीच्या तीन ओल्या जीन्स तिच्यावर वाळतात आणि ती तसूभरही झोळत नाही. पप्पा ऑपरेशनसाठी आले, की त्यांना नीट दिसणाऱ्या डोळ्यांनी दाखवायचीय.

आणि तुमच्याही घरी माळ्यावर असं काही पडलं असेल, तर खाली काढा. फक्त हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं, ते इंटरनेटआधी घरच्यांना विचारा. सगळं सांगतील, जरा तयारीत राहा.