नावाला धक्का न लावता

युनिक्समध्ये फाइलच्या नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: ‘/’ आणि शून्य बाइट. स्पेस, अवतरणचिन्ह, देवनागरी, अगदी नवी ओळसुद्धा चालते. त्यामुळे ‘दिवाळी अंक १९६२’ असं नाव देणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं. मी जुन्या मराठी अंकांच्या स्कॅन केलेल्या फायली सांभाळतो. ‘स्पेस देऊ नका, नावं इंग्रजीतच लिहा’ असं मी कुणालाही सांगत नाही. ज्याने अंक हाताळला, त्याने आत काय आहे ते नावात नोंदवून ठेवलेलं असतं. त्या नावाचं ‘स्कॅन००७’ केलं की ती नोंद गेली.

गडबड शेलमध्ये होते. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आला. व्हेरिएबलमधून काढलेल्या मजकुराचे स्पेसपाशी पुन्हा तुकडे करायची त्याची रीत बॅशने आजही चालू ठेवली आहे. मग एका नावाच्या तीन फायली शोधल्या जातात आणि एकही सापडत नाही. हे अटळ मुळीच नव्हतं; प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आरसी शेलमध्ये व्हेरिएबलचे असे तुकडे पडत नाहीत. बॅशमध्ये व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण घालायचं, एवढंच. हायफनने सुरू होणारं नाव मात्र अवतरणालाही जुमानत नाही. फोल्डरात ‘-आर’ नावाची फाइल असेल, तर फायली पुसणारी ‘आरएम *’ ही आज्ञा तिला पर्याय समजून आतले फोल्डरही पुसून टाकते. तिथे ‘./*’ लिहावं.

मराठीतली खरी कसोटी ‘दुसऱ्या’सारख्या शब्दात आहे. त्यातला ऱ्या तीन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याची कळच आहे. कुणाच्या मजकुरात साधा र आणि खाली नुक्ता असतो. कुणी र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक वापरतं. पडद्यावर तिन्ही हुबेहूब दिसतात, पण लिनक्स बाइट जुळवतं. ते तीन वेगळी नावं मानतं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था तर ऱची फोड स्वतःच र आणि नुक्ता अशी करून ठेवायची. म्हणून यादीत समोर दिसणारी फाइल नाव टाइप केल्यावर ‘नाही’ म्हणून येते. अशा वेळी मी नाव वाचत नाही, त्याचे बाइट काढून पाहतो.

युनिकोडच्या एनएफसी रूपात आणलं की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. जोडकाची तिसरी तशीच राहते, तिच्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. आणि नावं एकसारखी करण्याआधी दोन वेगळ्या अंकांचं एकच नाव तर होत नाही ना, हे तपासावंच लागतं. नाव बदलणाऱ्या ‘एमव्ही’ला ‘-एन’ हा पर्याय दिला नाही, तर ते एका फाइलवर दुसरी चढवतं, आणि बहुतेक वेळा विचारतही नाही.