त्वचेतील विकरे : मुरुमे आणि टक्कल

रक्तातून आलेल्या संप्रेरकांवर त्वचा स्वतःही प्रक्रिया करते. तैलग्रंथींत आणि केसांच्या मुळांत फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, अर्थात डीएचटी, बनवते. पेशींतील ग्राहकांना डीएचटी अधिक घट्ट चिकटते, म्हणून त्याचा परिणामही जास्त असतो. या विकराचा पहिला प्रकार मुख्यतः तैलग्रंथींत, तर दुसरा केसांच्या मुळांत आढळतो.

दोन्हींचे परिणाम प्रस्तुत लेखिकेच्या डोंबिवलीतील घरात एकाच काळात दिसले. पंचविशी उलटूनही लेखिकेच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दर महिन्याला पाळीच्या आधी टणक, दुखऱ्या पुळ्या येत; त्या बसल्या तरी तपकिरी डाग मागे राहत. धाकट्या भावाचे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत होते. घरच्यांनी पुळ्यांचा दोष तेलकट खाण्याला दिला आणि केसगळतीचा बोअरच्या पाण्याला. लेखिकेचे रक्ततपासणीचे अहवाल मात्र नॉर्मल आले.

हे कोडे ठाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे उलगडले. रक्तातील पातळी योग्य असली तरी तैलग्रंथीत डीएचटी जास्त बनू शकते, किंवा तिथले ग्राहक अधिक संवेदनशील असू शकतात. मग तेल वाढते, छिद्र बुजते, जंतू वाढतात आणि सूज येते. डोंबिवलीच्या दमट उकाड्यात, लोकलच्या गर्दीत घामाने हा त्रास आणखी चिघळतो.

केसांच्या बाबतीत डीएचटी उलटसुलट वागते : दाढीचे केस ते जाड करते, तर आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांच्या डोक्यावरचे केस बारीक आणि आखूड करत नेते. 1974 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांत डीएचटी बनवणाऱ्या या विकराची जन्मजात उणीव वर्णिली गेली. पुढे दुसऱ्या प्रकाराचे जनुक सदोष असल्याचे कळले. तेथील बाधित पुरुषांची दाढी विरळ असते आणि त्यांना टक्कल पडत नाही.

उपचार याच फरकावर ठरतात. फिनॅस्टेराइड प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराला अडवते, म्हणून ते भावाला दिले गेले. मुरुमांवर त्याचा फारसा उपयोग नाही, शिवाय गर्भातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत ते दोष निर्माण करू शकते. लेखिकेला रात्री लावायला ॲडापॅलिन आणि ग्राहक अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन मिळाले. त्या काळात गर्भधारणा टाळणे बंधनकारक होते. दोन्ही उपचारांचा गुण यायला काही महिने लागतात. फिनॅस्टेराइड थांबवले, की राखलेले केस पुन्हा गळू लागतात.