कुठला हो हा कॅमेरा?

डोंबिवलीच्या फडके रोडवर मोबाइल उंचावला, की माणसं एक तर तोंड फिरवतात, नाही तर केस नीट करतात. त्याच रस्त्यावर गळ्यात अ‍ॅग्फा क्लिक थ्री अडकवून उभं राहिलं, तर मात्र ती चालत जवळ येतात. भाजीची पिशवी खाली ठेवून एखादे आजोबा विचारतात, "कुठला हो हा कॅमेरा? क्लिक थ्री ना?" उत्तराची वाट न बघता ते तो हातात घेतात, उलटा करतात आणि पाठीमागची लाल काच शोधून काढतात. "आमच्या थोरल्या भावाकडे होता. मला हात लावू द्यायचा नाही!" पन्नास-साठ वर्षांपूर्वीची तक्रार, पण अजून ताजी. ती पुरती ऐकून घेतल्याशिवाय कॅमेरा परत मिळत नाही, आणि तो लगेच मिळावा अशी माझीही घाई नसते.

माझ्याकडे असे जुने कॅमेरे बरेच जमलेत. सुट्टीच्या दिवशी त्यातला एखादा खांद्याला लावून ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही उतरायचं आणि भटकायचं, एवढाच माझा छंद. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: आज कोण भेटणार, हे घरातून कुठला कॅमेरा घेऊन निघालो त्यावर ठरतं. प्रत्येक कॅमेऱ्याची आपली एक पिढी असते आणि ती त्याला लांबूनच ओळखते.

क्लिक थ्रीची पिढी आजोबांची. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं अ‍ॅग्फाच्या नावानं तो आपल्याकडे बनवला आणि मध्यमवर्गीय घरांतला पहिला कॅमेरा बहुतेक वेळा तोच ठरला. काळं हलकं खोकं, रोल गुंडाळायची चकती, लेन्सपाशी ऊन आणि ढग अशा खुणा. आभाळात जे असेल तिकडे खटका सरकवायचा, पुढचा विचार करायचा नाही. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. मागच्या लाल काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत चकती फिरवायची. फिरवायची राहिली, तर मुंजीतल्या बटूच्या पोटातून गिरगावची चौपाटी दिसायची. निगेटिव्ह सहा सेंटीमीटरची, त्यामुळे मोठं करण्याचा खर्च टाळून तेवढीच कॉपी काढून घेत आणि काळ्या पानांच्या अल्बमात चार कोपऱ्यांत खोचत. वर बटर पेपर. यातलं बरंचसं मला रस्त्यात भेटलेल्या आजोबांनीच शिकवलं आहे.

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीच्या काठावर हा कॅमेरा फार शहाण्यासारखा वागतो. त्याचं शटर एकाच वेगाचं. चांगले फोटोग्राफर ज्या उन्हाला नाकं मुरडतात, ते दुपारी बाराचं पांढरं ऊन याला लागतं. किल्ल्याची भिंत, पुलाचे खांब, काठाला लागलेली होडी एवढंच त्यात उमटतं. बारीकसारीक तपशील तो स्वतःच गाळून टाकतो. आणि तेवढ्या उन्हातही कुणीतरी थांबतंच. "यात अजून रोल मिळतो?" मिळतो. त्या एका शब्दावर लोक किती खूश होतात!

यशिका इलेक्ट्रो ३५ घेऊन ठाण्याच्या तलावपाळीला गेलो की माणसं बदलतात. १९६६ साली बाजारात आलेला हा जपानी कॅमेरा सरसकट घरांतला नव्हता. बोटीवर नोकरी करणारा मामा, आखातातून आलेला काका अशांच्या बॅगेतून तो यायचा. अंगानं जड, रुपेरी, दिसायला रुबाबदार. लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग तो ठरवतो. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा लागतो, जास्त झाला तर लाल. त्याचा मूळचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, म्हणून आजकालचा बारका सेल पितळी नळीत बसवून त्याची समजूत काढावी लागते. संध्याकाळी मासुंदा तलावात दिव्यांची प्रतिबिंबं लांबतात, गडकरी रंगायतनचा परिसर तिथून हाकेच्या अंतरावर, काठावर पोरांची चक्कर आणि भेळेचा वास. अशा वेळी पिवळा दिवा लागतोच. एकदा शेजारच्या बाकावरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "पिवळा लागला की श्वास रोखायचा, कोपर बरगडीला टेकवायचं. माझे मामा सांगायचे." मी तसं केलं. फोटो स्थिर आला. त्यात पाणी, दिवे आणि होडीवाला आहे. मामा कुठेच नाहीत, तरी मी त्या फोटोला मामांचा फोटो म्हणतो.

पन्नाशीच्या आसपासच्या मंडळींना ओढून आणायला हॉट शॉट किंवा कोडॅकचा केबी १० पुरतो. ऐंशीच्या दशकात हॉट शॉटच्या जाहिरातीतलं 'खटाक' ज्यांनी ऐकलं, ते आजही तो बघून आधी 'खटाक' म्हणतात, मग हसतात. या कॅमेऱ्यांना जुळवायचं काही नव्हतंच. रोल घालायचा आणि बटण दाबायचं. काटकसर मात्र होती. छत्तीसचा रोल गणपतीत सुरू व्हायचा आणि दिवाळीत संपायचा, त्यामुळे एकाच पाकिटातून आरती, सहामाहीनंतरची सहल आणि नरकचतुर्दशीचं उटणं बाहेर पडायचं. रोल हातानं नेमका भरणाऱ्याला सदतिसावा फोटो मिळायचा. तो सगळ्यांना बक्षिसासारखा वाटे, आणि बहुतेक वेळा त्यात घरचं मांजर असे.

आता डिजिटल कॉम्पॅक्टकडे वळतो. फिल्मवाले त्याला आपल्यात बसू देत नाहीत, मला मात्र तोही तितकाच प्रिय आहे. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि त्या फोटोत जेमतेम दहा हजार ठिपके असत. तीस वर्षांनी त्याच जातीची वस्तू शर्टाच्या खिशात मावू लागली. कॅननचा पॉवरशॉट, ए मालिकेतला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, हा डोंबिवलीकरासाठी आदर्श कॅमेरा आहे. सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये मोठा कॅमेरा नेणं म्हणजे त्याचा बळी देणं. हा खिशात चेपून घेतला तरी कुरकुरत नाही. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. दारातून मुंब्र्याचा डोंगर धावत जातो तेव्हा बटण दाबल्यावर तो क्षणभर विचार करतो आणि मग पुढचाच खांब टिपतो. त्या खांबांचा माझ्याकडे छान संग्रह झाला आहे.

त्याची खरी करामत अंधारात दिसते. मोबाइल एका दाबात अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो, सावल्या उपसून उजळवतो, रात्रीची दुपार करून टाकतो. जुना कॉम्पॅक्ट एकच फोटो घेतो. त्याच्या छोट्या झेनॉन फ्लॅशचा झोत समोरच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो, मागचा काळोख काळाच राहतो. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई लोटते. नऊवाऱ्या, कुर्ते, नथी, आणि उजाडायला अजून अवकाश. त्या वेळी या फ्लॅशमध्ये माणसं एकदम पुढे उडी मारून आल्यासारखी दिसतात. कॉलेजातल्या मुली तो बघून धावतच येतात. "काका, डिजिकॅम! कुठे मिळाला? आमचा एक काढा ना, त्या केशरी तारखेसकट." त्यांच्या जन्माच्या आसपासची ही वस्तू, घरच्या जुन्या फोटोंतल्या स्वतःच्या बाळपणासारखं आज दिसावं, असं त्यांना वाटतं. आजोबांना क्लिक थ्रीत थोरला भाऊ दिसतो, यांना डिजिकॅममध्ये आई-बाबा तरुण दिसतात.

भेटीगाठींचा हा उद्योग रस्त्यावर संपत नाही, तो घरातही शिरतो. कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. त्याच्या रसायनाला वीस अंश तापमान हवं आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीला हे कुणी सांगितलेलं नाही. मे महिन्यात नळ उघडला की कोमट पाणीच येतं. मग पातेल्यात बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली, बाटलीत थर्मामीटर, आणि "आता सरबताला बर्फ उरला का?" हा आतला प्रश्न. रंगीत रोलला उलट ३८ अंश लागतात. तेवढं काम डोंबिवलीचा उन्हाळा अर्ध्यावर आणूनच देतो. तरी रंगीत मी मुंबईच्या लॅबला पाठवतो. डबीतून ओली फिल्म बाहेर काढून बाथरूमच्या दोरीला चिमट्यानं लटकवली, की मजल्यावरची मुलं जमतात. उलट्या रंगांतली माणसं बघून त्यांची पैज लागते: हा पांढऱ्या केसांचा कोण आणि काळ्या दातांची कोण? बहुधा तो एखादा तरणाबांड मुलगा आणि ती मनमोकळं हसणारी मुलगी असते.

पावसाळा हा या छंदाचा वैरी. खाडीकाठची दमट हवा लेन्सच्या आत जाते आणि काचेवर बुरशीचे पांढरे बारीक धागे फुटतात. वेळीच पुसली नाही, तर ती काचेवरचा लेप खाते. म्हणून जूनपासून सगळे कॅमेरे घट्ट झाकणाच्या डब्यांत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पाठी उघडून सगळ्यांना बाल्कनीत हवा. समोरच्या इमारतीतून तेव्हा हाक येते, "विकायला काढलेत का?"

या परिसरातल्या रेल्वेचं आणि आपल्याकडच्या फोटोग्राफीच्या हौसेचं वय तसं बरोबरीचं. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, १८५४ साली रूळ कल्याणला पोचले, आणि त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. नारायण दाजी डॉक्टरकी सांभाळून फोटो काढत. नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्या आम्हा लोकलवाल्यांना हा पूर्वज सोयीचा आहे. घरात कुणी खर्चाचा विषय काढला की मी त्यांचं नाव पुढे करतो.

खर्च आहेच. रोल, धुणं, स्कॅन मिळून हजार रुपये सहज मोडतात. पण ज्यांनी थांबून चौकशी केली त्यांचे फोटो कॉपी काढून नेऊन द्यायचे, हा माझा त्यातला सगळ्यात आवडता भाग. पत्ता माहीत नसतो, जागा माहीत असते. आजोबा ठरलेल्या वेळी ठरलेल्या कट्ट्यावर असतात, भेळवाला आपल्या कोपऱ्यावर. गणेश मंदिराजवळ गजरे विकणाऱ्या मावशींना परवाच त्यांचा फोटो दिला, क्लिक थ्रीवर काढलेला, चौकोनी. त्यांनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि टोपलीच्या कडेला खोचला. "बरी आले मी," त्या म्हणाल्या, "पण माल किती कमी दिसतोय बघा. दसऱ्याला या, झेंडूचे ढीग असतात तेव्हा. आणि हा काळा डबा नको, तो दुसरा आणा, चकचकीत."