न छेडलेला गंधार

मिरजेत तंबोऱ्याच्या चारही तारा सुरात लागल्या, तरी कारागिराचं काम उरकत नाही. पंचम, दोन जोड आणि खर्ज बिनचूक जुळलेले असतात, पण आवाज कोरडा येतो. मग तो तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीकडे वळतो. कानशीने तिचा माथा हलकेच घासतो, तारेखाली सुती दोरा घालतो, तार छेडतो, दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. नेमक्या जागी दोरा आला की तार झणझणून उघडते आणि खर्जातून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार मात्र तंबोऱ्याला नसतेच.

हा स्वयंभू गंधार खरोखर असतो, की गवयाच्या कानाला नुसता भासतो?

असतो. खर्ज सेकंदाला 65 कंपनांवर लावला, तर त्याच तारेत 130, 195, 260, 325 अशीही कंपनं चालू असतात. पाचपटीचा हा उपस्वर म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. खोलीत चिटपाखरू नसलं तरी मायक्रोफोन तो टिपतो. युरोपात मांडलेल्या नियमाप्रमाणे तार पाचव्या हिश्शावर छेडली, तर पाचवा उपस्वर उमटायलाच नको. तंबोऱ्याची तार हा नियम जुमानत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं आणि त्याचं श्रेय घोडीच्या पसरट, किंचित बाकदार माथ्याला दिलं. घोडी आणि दोऱ्याची ही जुळणी, म्हणजेच जवारी, काढणाऱ्यांच्या हाताला ते त्याआधीच उमगलं होतं, ही केवढी मोठी गोष्ट!

नवख्या शिष्याला मात्र बरेच दिवस नुसती झणझण ऐकू येते. हवेत गंधार तेवढाच असतो; कान तयार व्हायचा असतो.

तरीही कानाला निव्वळ साक्षीदार म्हणून सोडून देता येत नाही. मोबाइलवर तंबोरा लावून रियाज करणाऱ्यालाही खर्ज ऐकू येतो. त्या चिमुकल्या स्पीकरमधून 65 कंपनं जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो खालचा सूर उभा करतो. म्हणजे गंधार कुणी ऐको न ऐको, तो आहेच. मोबाइलमधला खर्ज ऐकणाऱ्यावाचून नाही. दोघांना एकाच मापाने खरं-खोटं ठरवणं हा दोघांवरही अन्याय आहे.

कारागिराचा भरवसा अर्थात तारेतल्या गंधारावर. वापरून वापरून घोडीवर तारांचे चरे पडतात, जवारी उतरते आणि तो गंधार क्षीण होतो. तेव्हा गवई तंबोरा घेऊन पुन्हा मिरजेला येतो, आणि कुणाला जवारी खुली हवी असते, कुणाला बंद.